आपल्या गटाखालून तेल-वायूची लाइन जाते का? नाशिक जिल्ह्यात नकाशे शोधायची रीत

शेततळ्याची आखणी झाली, जेसीबी बांधावर येऊन उभा राहिला, की मग कुणीतरी विचारतं, ‘इथूनच ती पेट्रोलची लाइन गेलीय ना?’ हा प्रश्न चार महिने आधी पडायला हवा. उत्तर मिळू शकतं. मात्र ते एका नकाशात सापडत नाही. दिल्लीच्या संकेतस्थळावरची रंगीत रेघ, राजपत्रातला रुक्ष तक्ता, भूमी अभिलेखाचा गट नकाशा, सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना आणि बांधावरचा पिवळा खांब, हे पाचही जुळले तरच माहिती पक्की धरायची. एकच पाहून कुणी ‘लाइन नाही’ म्हणालं, तर त्या शब्दावर खोदकाम करू नका.

आधी ठरवा, शोधायचं काय?

नाशिक जिल्ह्यात तेलाची किंवा वायूची उत्पादन देणारी विहीर नाही. आपल्या पायाखाली दख्खनचा कातळ आहे, ज्वालामुखीच्या लाव्हाचे एकावर एक थर. तेल-वायू सापडतो तो गाळाच्या खडकात. कातळाच्या खाली गाळाचे जुने थर आहेत, म्हणून हायड्रोकार्बन महासंचालनालय, म्हणजे डीजीएच, देशातल्या २६ गाळखोऱ्यांत ‘डेक्कन सिनेक्लाइज’ या नावाने या भागाची नोंद करतं. पण ते तिसऱ्या वर्गात मोडतं, जिथे साठा असण्याची शक्यता फक्त अनुमानावर मोजली जाते. शिवाय कातळामुळे भूकंपलहरींचं सर्वेक्षण अवघड होतं, कारण लहरी वरच्या थरांतच विखुरतात.

एक गैरसमज इथेच दूर करू. बातम्यांत ‘कृष्णा-गोदावरी खोऱ्यात वायू’ असं वाचलं, की त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या गोदावरीच्या काठचा माणूस कान टवकारतो. ते खोरं आंध्रच्या किनाऱ्यावर आणि त्यापुढे समुद्रात आहे. नाव नदीचं असलं तरी त्याचा आपल्या शिवाराशी संबंध नाही.

म्हणजे आपल्याला शोधायच्या आहेत त्या मुख्यतः पाइपलाइनी. त्या तीन जातींच्या असतात आणि प्रत्येकीचा नकाशा वेगळ्या ठिकाणी मिळतो.

पहिली तयार इंधनाची, म्हणजे पेट्रोल-डिझेलची. भारत पेट्रोलियमची लाइन मुंबईच्या रिफायनरीतून मनमाडजवळच्या पानेवाडीला येते आणि तिथून इंदूरजवळच्या मांगल्याकडे व पुढे दिल्लीच्या बिजवासनपर्यंत जाते. दुसरी नैसर्गिक वायूची मोठी वाहिनी. गेलची मुंबई-नागपूर-झारसुगुडा लाइन बरीचशी समृद्धी महामार्गाच्या कडेने टाकलेली आहे, आणि समृद्धी आपल्या जिल्ह्यात इगतपुरी व सिन्नर तालुक्यांतून जातो. तिसरी शहरी वायू वितरणाची. नाशिक आणि धुळे जिल्ह्यांसाठी हा परवाना महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडे, म्हणजे एमएनजीएलकडे आहे. ही लाइन बहुधा रस्त्याच्या साइडपट्टीतून जाते. त्यामुळे तिचा त्रास शेताला कमी आणि रस्त्यालगतच्या प्लॉटला, गोठ्याला, फाटकाला जास्त.

देशाचे नकाशे: दिशा दाखवतात, गट नाही

सुरुवात पीएनजीआरबीच्या संकेतस्थळापासून करा. हे पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ २००६ च्या कायद्याने स्थापन झालं आहे. तिथे वायू वाहिन्यांचा नकाशा, इंधन वाहिन्यांची यादी आणि शहरी वायूच्या परवाना क्षेत्रांचा नकाशा मिळतो. पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या कक्षाकडेही वायूच्या पायाभूत सुविधांचा नकाशा असतो. ही पीडीएफ उतरवून घ्या आणि एवढंच पाहा: आपल्या तालुक्याच्या दिशेने रेघ येते का, कंपनी कोणती, लाइनचं अधिकृत नाव काय. हे अधिकृत नाव वहीत जसंच्या तसं उतरवा, पुढे राजपत्रात तेच शोधायचं आहे.

याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. देशाचा नकाशा पन्नास लाखांना एक या प्रमाणात छापला, तर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच किलोमीटर रुंद होते. त्या रेघेखाली अख्खं गाव झाकून जातं. पीडीएफ मोठी करून ‘रेघ आमच्या वस्तीवरूनच गेलीय’ म्हणण्यात काही अर्थ नाही. ओपनस्ट्रीटमॅप आणि त्यावर उभा असलेला ओपनइन्फ्रामॅप यांचंही तसंच. तिथल्या पाइपलाइनी स्वयंसेवकांनी काढलेल्या आहेत, काही उपग्रह चित्रावरून, काही अंदाजाने. रेघ सापडली तर धागा म्हणून वापरा. सापडली नाही, तर त्यावरून कसलाही निष्कर्ष काढू नका.

शोधकार्याच्या परवान्यांसाठी डीजीएचचं संकेतस्थळ आणि त्यांचं राष्ट्रीय विदा भांडार, म्हणजे एनडीआर, पाहायचं. तिथे ब्लॉकच्या, म्हणजे तेल-वायू शोधण्यासाठी आखून दिलेल्या क्षेत्रांच्या, चौकटी आणि सर्वेक्षणाच्या रेषा दिसतात. ब्लॉकचा विस्तार शेकडो चौरस किलोमीटर असू शकतो. आपलं गाव चौकटीत आलं म्हणजे शेतात विहीर पडणार असं नाही. शिवारात केबल टाकणारी, खुंट्या मारणारी सर्वेक्षणाची टोळी दिसली, तरी तेवढ्यावरून काही ठरत नाही. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय भूकंपलहरी सर्वेक्षण कार्यक्रमात जिथे पूर्वी मोजणीच झाली नव्हती अशा भागांतही रेषा मारल्या गेल्या, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी पुढे काहीच हललं नाही. पिकाचं नुकसान झालं असेल तर पंचनामा मात्र तेव्हाच करून घ्या. टोळी पुढे सरकली की तिला गाठणं कठीण.

ब्लॉकचे कोपरे अंश-मिनिट-सेकंदात दिलेले असतात. ते गुगल अर्थमध्ये टाकताना सर्रास एक चूक होते. २० अंश १५ मिनिटं ३० सेकंद हे २०.१५३० असं लिहिलं जातं. खरं उत्तर २०.२५८३, कारण मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागावं लागतं. एवढ्या चुकीने बिंदू साडेअकरा किलोमीटरहून जास्त सरकतो, म्हणजे सरळ दुसऱ्या गावात जातो.

राजपत्र: खरी माहिती इथे आहे

शेतातून जाणाऱ्या मोठ्या पाइपलाइनीसाठी जमीन विकत घेत नाहीत. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्याखाली फक्त ‘वापर हक्क’ संपादन करतात. मालकी तुमचीच राहते. या कायद्याच्या दोन अधिसूचना भारताच्या राजपत्रात येतात आणि त्यांच्यासोबत गावनिहाय, गटनिहाय तक्ता असतो. खरं तर हा आकड्यांत लिहिलेला नकाशाच आहे, आणि तो कुणालाही फुकट पाहता येतो.

कलम ३ चं पोटकलम १ म्हणजे इरादा जाहीर करणं. त्यानंतर हरकतीला २१ दिवस मिळतात. इरादा जाहीर झाल्यापासून एक वर्षाच्या आत कलम ६ खाली घोषणा झाली नाही, तर ती अधिसूचना निष्प्रभ होते. घोषणा झाली की वापर हक्क केंद्र सरकारकडे आणि आदेशाने कंपनीकडे जातो. म्हणून अधिसूचना सापडली की आधी कलम पाहा. कलम ३ ची असेल तर तारखा मोजायला लागा. कलम ६ ची असेल तर हरकतीची वेळ गेलेली आहे, पुढचं बोलणं भरपाईचं.

शोधायचं असं. केंद्राच्या ई-गॅझेट संकेतस्थळावर मंत्रालयानुसार शोध निवडा आणि पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालय घ्या. भाग दोन, खंड तीन, उपखंड दोन. साप्ताहिक आणि असाधारण, दोन्ही प्रकार वेगवेगळे तपासा, कारण अधिसूचना कधी इथे असते, कधी तिथे. तारखांची मर्यादा सहा-सहा महिन्यांची ठेवा, म्हणजे यादी आवाक्यात राहते. मग एकेक पीडीएफ उघडून जिल्हा पाहायचा. काम कंटाळवाणं आहे. दुपारभर बसायची तयारी ठेवा.

आता यात अडतं कुठे ते पाहू. जुन्या पीडीएफ स्कॅन केलेल्या आहेत किंवा जुन्या हिंदी टंकात आहेत, त्यामुळे शब्दशोध रिकामा येतो. रिकामा आला म्हणून नाव नाही असं समजू नका, डोळ्यांनी वाचा. हिंदी मजकुरात आपला ‘ळ’ जाऊन ‘ल’ होतो: पिंपळगावचं ‘पिंपलगांव’, डोक्यावर अनुस्वारही चढतो. इंग्रजी भागात येवल्याची दोन-तीन स्पेलिंगं सापडतात. लोकांच्या तोंडी सटाणा असतं आणि तक्त्यात तालुका ‘बागलाण’ छापलेला असतो. खुर्द-बुद्रुक हा वेगळाच ताप. एकाच नावाची दोन गावं शेजारी असली आणि तक्त्यात खुर्द की बुद्रुक ते गळलं असलं, तर दोन्ही गावांचे गट नकाशे ताडून पाहावे लागतात. शिवाय मूळ अधिसूचनेनंतर शुद्धिपत्र निघू शकतं, त्यात गट बदललेला असतो. एक अधिसूचना सापडली की थांबू नका, पुढच्या वर्षभरातली त्याच लाइनची सगळी प्रकटनं चाळा.

तक्ता वाचायचा कसा ते जवळून बघू. गावाच्या नावाखाली गट क्रमांक आणि त्यापुढे क्षेत्राचे तीन आकडे असतात: हेक्टर, आर, सेंटिआर. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळजवळ एक गुंठा. एक सेंटिआर म्हणजे एक चौरस मीटर. समजा, तुमच्या गटापुढे ०-२१-६० आहे. म्हणजे २१६० चौरस मीटर. वापर हक्काची पट्टी १८ मीटर रुंद धरली, तर २१६० भागिले १८, लांबी १२० मीटर. आता गट नकाशावर तुमच्या शेताची लांबी साधारण १२० मीटर असेल, तर लाइन शेतातून आरपार जाते. तोच आकडा ०-०५-४० असता, तर लांबी फक्त ३० मीटर, म्हणजे लाइन बहुधा कोपरा कापून निघून जाते. मागचा आणि पुढचा गट कोणता ते तक्त्यातच दिसतं. या तिघांना जोडणारी सरळ रेघ ओढली, की नकाशा हातात नसतानाही लाइन कुठल्या कोपऱ्यातून जाते ते बऱ्यापैकी कळतं. पट्टीची रुंदी सगळीकडे १८ मीटरच असते असं नाही. अधिसूचना किंवा कंपनीचं पत्र पाहून खरी रुंदी घ्या आणि तिने भागा.

भरपाईचा हिशेबही याच आकड्यावर होतो. कायद्याने पट्टीतल्या क्षेत्राच्या बाजारमूल्याच्या दहा टक्के रक्कम मिळते, आणि बाजारमूल्य कलम ३ च्या अधिसूचनेच्या तारखेचं धरतात. पिकाचं, झाडांचं, पाइपांचं नुकसान त्याहून वेगळं. हेक्टरी साठ लाख भाव धरला, तर २१.६ आरचे १२ लाख ९६ हजार आणि त्याचे दहा टक्के १ लाख २९ हजार ६००. पूर्ण गटाच्या किमतीवर टक्के मोजून बसलेल्यांची इथे निराशा होते. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो.

गट नकाशावर रेघ उतरवणं

महाभूनकाशा या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर ग्रामीण, जिल्हा नाशिक, तालुका आणि गाव निवडा. गट क्रमांक टाकला की तेवढा गट ठळक होतो आणि शेजारच्या गटांचे क्रमांक दिसतात. आधी तुमच्या गटाचा नकाशा पीडीएफ म्हणून उतरवा, मग तक्त्यातल्या आधीच्या आणि नंतरच्या गटांचाही. कागदावर छापून लाल पेनाने रेघ ओढायची. संगणकाची गरज नाही, हेच काम उत्तम होतं.

राजपत्रात जुना सर्व्हे नंबर आणि सातबाऱ्यावर गट नंबर, अशी गफलत वारंवार भेटते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली योजना राबवलेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. दोन्हींची सांगड तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात मिळणाऱ्या एकत्रीकरणाच्या ९(३)-९(४) उताऱ्यावरून घालता येते. दुसरी गफलत पोटहिश्शांची. अधिसूचनेत नुसता १४५ असतो, आणि भावांची वाटणी होऊन आज १४५/१ ते १४५/४ झालेले असतात. लाइन कुणाच्या वाट्यात गेली, हे तक्ता सांगणार नाही. त्यासाठी मोजणी हाच उपाय.

संगणकावर करायचं असेल तर गुगल अर्थ प्रो मध्ये गट नकाशाचं चित्र आच्छादन म्हणून टाका आणि अर्धपारदर्शक करून ओढून-फिरवून बसवा. बसवताना पक्क्या खुणा धरा: तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, ओढ्याचं वळण, जुना गाडीरस्ता. बांध धरू नका, बांध सरकतात आणि नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात तर सपाटही होतात. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर येत असेल तर निदान सहा बिंदू घ्या आणि ते गावभर पसरलेले असू द्या. सगळे बिंदू वस्तीजवळ घेतले, की दुसऱ्या टोकाला नकाशा तीस-चाळीस मीटर सरकलेला असतो. जुने टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचे स्थलदर्शक नकाशे, वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की त्यांचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट या जुन्या मापन पद्धतीवर आहेत आणि मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या पद्धतीवर. रूपांतर न करता एकावर एक ठेवलं तर शंभर मीटरच्या घरात फरक पडतो. जिल्हा जुन्या क्रमांकांत ४६ एच, ४६ एल, ४७ ई आणि ४७ आय या पट्ट्यांत येतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून पन्नास हजारांना एक प्रमाणाचे नवे खुले नकाशे मोफत मिळतात. ते डब्ल्यूजीएस-८४ वरच आहेत, म्हणून तेच घ्यावेत. वीस अंश अक्षांशाची रेघ नाशिक शहराजवळून जाते, त्यामुळे नव्या क्रमांकांत उत्तरेकडचे तालुके एफ ४३ मध्ये आणि सिन्नर-इगतपुरी ई ४३ मध्ये शोधावे लागतात. एकाच क्रमांकात शोधून ‘आमचा नकाशाच नाही’ म्हणणारे बरेच असतात.

सातबारा आणि फेरफार

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात पाइपलाइनच्या वापर हक्काची नोंद आणि फेरफार क्रमांक असायला हवा. तो क्रमांक घेऊन फेरफाराचा उतारा काढा, त्यात राजपत्राचा क्रमांक आणि तारीख सापडते. म्हणजे एखाद्याच्या सातबाऱ्यावर नोंद असेल, तर राजपत्रात दुपारभर बसायची गरजच नाही, उलट्या बाजूने दोन मिनिटांत पोचता. शेजाऱ्याचा सातबारा पाहिला तरी चालतो, लाइन काही एका गटात थांबत नाही.

नोंद नाही म्हणजे लाइन नाही, असं मात्र नव्हे. जुन्या लाइनीच्या नोंदी हस्तलिखित फेरफारात राहून गेल्याची, किंवा सातबारा संगणकावर चढवताना गळल्याची उदाहरणं प्रत्येक तालुक्यात निघतील. नाशिकचे जुने फेरफार आणि सातबारे ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर स्कॅन स्वरूपात आहेत. लाइन पडली त्या वर्षाच्या मागचे-पुढचे तीन-चार वर्षांचे फेरफार तिथे चाळा. नवीन लाइन येत असेल तर ‘आपली चावडी’वर गावाचे ताजे फेरफार अधूनमधून पाहायची सवय ठेवा. जमीन विकत घेणाऱ्याने तर हे केल्याशिवाय इसार देऊच नये.

परिवेशची केएमएल फाइल

लाइन वनजमिनीतून जाणार असेल, तर वन मंजुरीचा प्रस्ताव केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर चढतो, आणि त्यासोबत केएमएल फाइल असते. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा भागात वनक्षेत्र बरंच असल्याने हा मार्ग तिथे उपयोगी पडतो. राज्य महाराष्ट्र, जिल्हा नाशिक, वन मंजुरी, प्रकल्पाचा प्रकार पाइपलाइन असा शोध घ्या. कंपनीचं नाव पूर्ण न लिहिता एकच शब्द टाका. केएमएल उतरवता आली आणि गुगल अर्थमध्ये उघडली, की प्रस्तावित मार्ग थेट शिवारावर दिसतो. इतकं सोयीचं दुसरं काहीच नाही.

पण दोन गोष्टी सांभाळा. अनेक प्रस्तावांत केएमएल फक्त वनातल्या तुकड्यांची असते. मधल्या शेतजमिनीचा भाग तुम्हाला दोन तुकडे जोडून अंदाजावा लागतो, आणि लाइन नेहमी सरळच जाते असं नाही. दुसरं, प्रस्तावातला मार्ग अंतिम नसतो. कातळ, गावठाण, नदीचं पात्र पाहून तो पुढे सरकतो. फाइल उघडली आणि रेघ अरबी समुद्रात किंवा भलत्याच देशात दिसली, तर घाबरू नका, भरणाऱ्याने अक्षांश-रेखांश उलटे टाकलेले असतात. प्रस्ताव सापडलाच नाही, तरीही लाइन नाही असं म्हणता येत नाही. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत पाइपलाइन येते ती मुख्यतः राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, संवेदनशील क्षेत्र यांतून जात असेल तेव्हा. फक्त शेतातून जाणारी लाइन परिवेशवर दिसेलच असं नाही.

उपग्रह चित्र, मग पायी फेरी

गुगल अर्थ प्रो मध्ये जुनी चित्रं पाहायची सोय आहे. लाइन टाकली त्या वर्षाच्या फेब्रुवारी ते मे महिन्यांतली चित्रं उघडा. पावसाळ्यातली ढगाळ आणि हिरवी असतात, त्यात काही कळत नाही. आपल्या काळ्या जमिनीत चर खणला, की खालचा मुरूम आणि दगड वर येतो. तो नीट खाली गाडला नाही, तर फिकट, तपकिरी पट्टा दोन-तीन हंगाम दिसत राहतो, आणि त्यावरचं पीकही बाजूच्यापेक्षा ठेंगणं असतं. बांध, रस्ते, ओढे यांची पर्वा न करता सरळ जाणारा असा पट्टा दिसला, की ती पाइपलाइन असण्याचा संभव दाट. पाणीपुरवठा योजनेची किंवा उपसा सिंचनाची लाइनही अशीच दिसते, म्हणून खाली उतरून खात्री करावीच लागते.

जमिनीवर काय शोधायचं? रस्ता, रेल्वे, नदी ओलांडते तिथे दोन्ही बाजूंना इशाऱ्याचे फलक, त्यावर कंपनीचं नाव, लाइनचं नाव, साखळी क्रमांक (लाइनच्या सुरुवातीपासूनचं अंतर) आणि आणीबाणीचा फोन. शेतात बांधाकडेला मार्कर खांब. काही अंतराने वायरी आत घेतलेली खोकी असलेले खांब, ते गंज रोखणाऱ्या विद्युत संरक्षणाची तपासणी करण्यासाठी असतात. रस्त्याखालून आवरण-नळीतून लाइन गेली असेल तर वर वाकलेली हवेची नळी. दोन मार्कर दिसले की त्यांच्यामधली रेघ ही लाइनची दिशा. पण मार्कर बरोबर लाइनवरच असेल असं धरू नका. नांगरटीत अडतो म्हणून उपटून बांधाला टेकवलेला खांबही पाहायला मिळतो. अशा खांबावरून अंतर मोजणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

मोबाइलवर उभं राहून स्थान घेतलं, तर मोकळ्या आकाशाखालीही तीन ते पाच मीटरची चूक धरा. द्राक्षाच्या मांडवाखाली किंवा झाडांत त्याहून जास्त. पट्टी अठरा मीटरची असताना एवढी चूक बांध ठरवायला परवडत नाही. लाइनची नेमकी जागा कंपनीचा माणूस यंत्र लावून दाखवतो, तीच ग्राह्य.

पट्टी कळली, आता काय चालतं आणि काय नाही

कायद्याचं कलम ९ स्पष्ट आहे. पट्टीत बांधकाम करायचं नाही, तळं, विहीर, जलाशय, बंधारा खोदायचा नाही, झाड लावायचं नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर शेततळं नाही, बोअर नाही, कांदाचाळ नाही, डाळिंबाची किंवा आंब्याची लागवड नाही. हंगामी पीक घेता येतं. द्राक्षवेल झाड की पीक, यावर वाद घालत बसण्यापेक्षा लागवडीआधी कंपनीकडून लेखी घ्या. मांडवाचे अँगल दोन-अडीच फूट खाली जातात आणि टोकाच्या ताणाचे नांगर त्याहून खोल. कायद्यानुसार लाइन जमिनीपासून निदान एक मीटर खाली टाकायची असते. पण उतार सपाट करून वरची माती काढली असेल, तर तो मीटर उरलेला नसतो. जमीन लेव्हल करून घेतलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. कलम ७ प्रमाणे अधिसूचनेच्या आधीपासून राहतं घर किंवा पक्कं बांधकाम असलेल्या जागेखालून लाइन टाकता येत नाही, म्हणून घराचा जुना पुरावा, घरपट्टीची पावती, वीजबिल जपून ठेवा.

पट्टीबाहेर विहीर खोदताना सुरुंग लावायचा असेल, तरी कंपनीला आधी कळवा. कातळातून धक्का दूरवर जातो.

नकाशा मागायचाच असेल तर

गटाचा मोजणी आराखडा कंपनीच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे असतो, हा अधिकारी बहुधा महसूल खात्यातून आलेला असतो. आधी साधा अर्ज करा. दाद मिळाली नाही तर माहितीचा अधिकार. कंपनी केंद्राची असेल तर केंद्राच्या ऑनलाइन आरटीआय संकेतस्थळावर, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. राज्याच्या कार्यालयाकडे अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अर्जात ‘लाइनचा संपूर्ण नकाशा’ मागू नका. सुरक्षेचं कारण देऊन नकार येईल, आणि त्यात तथ्यही आहे. मागायचं ते असं: ‘मौजे अमुक, तालुका सिन्नर, गट क्रमांक १४५ पुरता वापर हक्काच्या पट्टीचा मोजणी आराखडा, पट्टीची रुंदी, कलम ३ व कलम ६ च्या अधिसूचनांचे क्रमांक व तारखा, पंचनामा व भरपाईचा तपशील.’ स्वतःच्या गटापुरतं आणि मुद्द्याचं मागितलं, की टाळायला जागा कमी राहते. सोबत सातबाऱ्याची ताजी प्रत लावा.

भरपाईचं ठरताना पंचनाम्यावर डोळे मिटून सही करू नका. ठिबकची मुख्य नळी, व्हॉल्व्ह, द्राक्षाचे अँगल, तारा यांची संख्या आणि मीटर लिहून घ्या, फोटोत तारीख दिसू द्या.

जेसीबीच्या आदल्या आठवड्यात

‘कॉल बिफोर यू डिग’ हे केंद्र सरकारचं अ‍ॅप मार्च २०२३ मध्ये सुरू झालं. खोदकाम करणाऱ्याने जागा नकाशावर टाकली, की त्या भागात जमिनीखाली वाहिन्या असलेल्या कंपन्यांना सूचना जाते. गावातल्या खोदकामात त्याचा वापर अजून कमी आहे, ठेकेदारालाच सांगून करून घ्या. सोबत मार्कर फलकावरच्या क्रमांकावर फोन लावा आणि बोलणं झालं त्या दिवशीच लेखी पत्र द्या. माणूस येऊन चुन्याने रेघ मारून देईपर्यंत यंत्र सुरू करायचं नाही. रेघेपासून जवळचं खोदकाम हाताने, कुदळ-फावड्याने. शहरी वायूची पिवळी प्लास्टिकची नळी बकेटच्या एका ओरखड्यात फाटते. तिच्यातला दाब चार बारपर्यंत असू शकतो, आणि शहरी वायूच्याच पोलादी मुख्य लाइनीत तो ४९ बारपर्यंत.

विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास, पाण्यावर रंगीत तवंग, किंवा एका पट्ट्यातलंच पीक अचानक जळालेलं, असं काही दिसलं तर विहिरीवरची मोटर चालू करू नका. चालू असेल तर तिथला खटका न हाताळता लांबच्या मुख्य पुरवठ्यावरून बंद करा. विडी-काडी लांब ठेवा, फलकावरचा नंबर लावा, आणि लाइनचा साखळी क्रमांक वाचून सांगा. तो सांगितला की पथकाला नेमका मधला व्हॉल्व्ह बंद करता येतो. तो क्रमांक आजच फोनमध्ये, फलकाच्या फोटोसकट साठवून ठेवा. रात्री बॅटरीच्या उजेडात गंजलेला फलक वाचता येत नाही.